काच आहे हो ती, काच!

भारतातून पाहुणे आले की त्यांना ॲनाहाइमच्या डिस्नेलँडला न्यायचं, हे सदर्न कॅलिफोर्नियातल्या मराठी माणसाला चुकत नाही. माझी तक्रार नाही, तेवढंच हाँटेड मॅन्शन या तिथल्या भुताच्या राइडमध्ये बसायला मिळतं. तर गेल्या शनिवारी रांगेत बायकोशी पार्किंगच्या पैशांवरून वाद चालला होता (मराठीत, म्हणजे मोकळेपणाने), तेवढ्यात मागून आवाज, "पुण्याचे का?"

झालं.

काका रिटायर्ड फिजिक्सचे सर. मुलगा-सून त्यांना रांगेत सोडून नातवाबरोबर दुसरीकडे गेले होते. का, ते मला लवकरच कळलं.

आधी सगळ्यांना एका आठकोनी खोलीत कोंडतात, दार बंद होतं आणि भिंतीवरची चित्रं लांबत जातात. "छत वर जातंय," काकांनी जाहीर केलं. मी म्हटलं, नाही काका, ही लिफ्ट आहे, आपण खाली जातोय. मेन राइड पार्कच्या रेल्वे रुळांपलीकडे आहे, रुळांखालून जावं लागतं म्हणून.

"ऑरलँडोच्या डिस्नेतल्या मॅन्शनमध्ये छतच वर जातं. थोरल्याकडे गेलो तेव्हा नीट चौकशी केलीय मी."

तिथे खरंच छत वर जातं, हेच तर दुखणं.

"तिथे जातं. इथे नाही."

"फिजिक्स सगळीकडे सारखंच असतं हो."

लाइट गेले, वीज कडाडली, वर फासाला लटकलेला माणूस दिसला, पोरं किंचाळली आणि त्या काळोखात काका, "पोटात गोळा आला का तुमच्या? नाही ना? मग लिफ्ट कशी?"

पुढे गाड्यांकडे चालत जायचा बोळ. बायको पाहुण्यांबरोबर सटकली (मुद्दाम, यावर घरी बोलणं झालंय) आणि माझ्या शेजारी काका. तिथले पुतळ्यांचे चेहरे आपण जाऊ तिकडे वळून बघतात. "खोलगट आहेत ते, आत दाबलेले," म्हणत काका खात्री करायला डावीउजवीकडे डोलायला लागले, दर डोलण्याला त्यांचं कोपर माझ्या बरगडीत. मग काळ्या गाड्या, तिथेही शेजारी काकाच, आणि तो भुतांच्या नाचाचा हॉल. "काच आहे! खरी बाहुली वर-खाली लपवलीत, दिसतंय ते रिफ्लेक्शन. १८६२ची ट्रिक, पेपर्स घोस्ट!"

अहो माहितीये. १९६९ पासून चालू आहे ही राइड, निम्म्या पब्लिकला माहितीये. तरी ती आरपार दिसणारी जोडपी गिरक्या घ्यायला लागली की मान पुढे जातेच, कारण गाडी स्वतः वळून सिनेमाच्या कॅमेऱ्यासारखी नेमकं तिकडेच तोंड करून देते आणि आपण काच विसरतो. पण शेजारी कुणी विसरू देईल तर ना! नाटकालाही हीच जमात मागच्या रांगेत बसून "आता ती मरणार बघ" सांगते. आणि फोनचा लाइट मारून भुताचा व्हिडिओ काढणारे वेगळेच, इतके पैसे भरून काळोखात यायचं आणि उजेड पाडायचा, काय म्हणायचं याला?

शेवटी आरशात दिसतं की आपल्या गाडीत एक भूत येऊन बसलंय. आमच्यातही बसलं. निदान ते गप्प होतं.

बाहेर आल्यावर काका बायकोला म्हणाले, "तुमचे मिस्टर जरा दचकले हां पुतळ्यांपाशी." मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेलंय ते आता, हसणाऱ्या इमोजींसकट. दचकलो नव्हतो. कोपर लागलं होतं.