रुंद पडद्याचा वसा

अल्ट्रावाइड ओएलईडी मॉनिटर, म्हणजे नेहमीपेक्षा रुंद आणि ज्याचा प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो असा पडदा, घ्यावा की घेऊ नये या विवंचनेत आपण असाल, तर प्रथम आपले अभिनंदन. कारण ज्याला ही विवंचना लागते त्याने तो मॉनिटर मनोमन घेतलेलाच असतो आणि पुढचे दोन-तीन आठवडे केवळ कारणे जमवण्यात जातात. ती कारणे नीट जमावीत, एवढ्याच मर्यादित हेतूने हा सल्ला दिला आहे.

विचारणाऱ्याला पहिले कारण नेहमी कामाचेच सांगावे. 3440 बाय 1440 पिक्सेलांच्या पडद्यावर दोन दस्तऐवज शेजारी शेजारी उघडता येतात, मध्ये दोन मॉनिटरांच्या चौकटींची फट येत नाही, स्प्रेडशीटचे आणखी दहा रकाने दिसतात आणि व्हिडिओ संपादनाची पट्टी लांबलचक पसरते, हे सारे खरे आहे आणि खरे बोलण्यात कमीपणा नाही. फक्त हे सारे साध्या एलसीडी अल्ट्रावाइडवरही तितकेच होते, हे आपण होऊन सांगू नये. त्याचप्रमाणे मोजपट्टीही कोणाच्या हाती देऊ नये. 34 इंचांचा हा पडदा उंचीला 33 सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे साध्या 27 इंची मॉनिटरएवढाच भरतो, आणि क्षेत्रफळात तर साधा 32 इंची मॉनिटर त्याच्यावर मात करतो. पण कर्णाचा आकडा मोठा असला की क्षेत्रफळाची आठवण कोणाला राहत नाही.

आता ज्या कामासाठी हा मॉनिटर घ्यायचा म्हणून आपण सांगितले, त्या कामाकडे वळू. काम म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत अक्षरे. संगणकाची अक्षरे गुळगुळीत करणारी यंत्रणा असे धरून चालते की प्रत्येक पिक्सेलमध्ये लाल, हिरवा आणि निळा हे तीन उपपिक्सेल एका ओळीत उभे आहेत. क्यूडी-ओएलईडी या ओएलईडीच्याच एका प्रकारच्या पडद्यांत मात्र ते त्रिकोणात बसवलेले असतात, हिरवा वर आणि लाल-निळे खाली, त्यामुळे पांढऱ्या भागाच्या वरच्या कडेला हिरवट आणि खालच्या कडेला जांभळट छटा उमटते. रोमन लिपीच्या वाचकाला ही छटा अधूनमधून भेटते. आपली देवनागरी मात्र आडव्या शिरोरेघेला लटकूनच जगते, तेव्हा प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर ही रंगीत किनार पाहण्याचा मान आपल्याला मिळतो. नव्या पिढीच्या पडद्यांत उपपिक्सेलांचा आकार सुधारून हा दोष कमी केला आहे, परंतु आपल्या पडद्यात तो दिसलाच, तर खुर्ची वीतभर मागे सरकवावी आणि मूळ दस्तऐवजच रंगीत आहे असे समजावे.

काळ्या रंगाविषयी मात्र कोणीही वाद घालू नये. एलसीडीत मागचा दिवा जळतच असल्यामुळे काळा रंग राखाडी दिसतो. ओएलईडीत प्रत्येक पिक्सेल स्वतः पेटतो आणि स्वतः विझतो, म्हणून काळा म्हणजे खरोखर काळा. एवढेच की क्यूडी-ओएलईडी पडद्यावर बाहेरचा उजेड अडवणारा ध्रुवीकरणाचा थर नसल्यामुळे खोलीत उजेड असला की हा खरोखर काळा रंग जांभळट राखाडी होतो. उपाय सोपा आहे: खिडकीला जाड पडदा लावावा, दिवा मालवावा आणि आपले दिवसाचे काम रात्री करावे. ज्याने काळोख विकत घेतला आहे त्याने उजेडाची अपेक्षा धरणे बरोबर नव्हे.

उजेडाचा हिशेबही समजून घेण्यासारखा आहे. खोक्यावर 1000 निट्स (निट हे तेज मोजण्याचे एकक) असे ठळक लिहिलेले असते आणि ते खोटे नसते. ते पडद्याच्या सुमारे तीन टक्के भागापुरते खरे असते. संपूर्ण पडदा पांढरा झाला की यंत्रणा आपल्याआप तेज उतरवते आणि हाती साधारण 250 निट्स उरतात. अनेक मॉनिटरांत एचडीआरचे, म्हणजे उजेड-अंधारातला फरक वाढवून दाखवणाऱ्या चित्रपद्धतीचे, दोन पर्याय असतात, एक 1000 चा आणि एक 400 चा, आणि बहुतेक दृश्यांत 1000 चा पर्याय निवडल्यावर चित्र 400 च्या पर्यायापेक्षा अंधुक दिसते. गणिताच्या शिक्षकांनी या ओळीकडे दुर्लक्ष करावे. आपण 1000 च ठेवावे, कारण पैसे त्याचे दिले आहेत.

आता खरा वसा. ओएलईडी या नावातील पहिले अक्षर सेंद्रिय पदार्थांचे आहे. 1987 साली ईस्टमन कोडॅक कंपनीत चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी अशा पदार्थांच्या पातळ थरांतून कमी विजेवर चांगला उजेड मिळवून दाखवला, आणि आजचे हे पडदे त्याच घराण्यातले आहेत. सेंद्रिय वस्तू नाशवंत असते. प्रत्येक पिक्सेल जेवढा पेटतो तेवढा झिजतो, त्यातही निळा सर्वांत लवकर, आणि सगळे सारखे झिजत नसल्यामुळे जी आकृती पडद्यावर तासन्‌तास स्थिर राहते तिची छाया पुढे कायमची मुक्कामाला येते. आता आठ तास एका जागी न हलणारी वस्तू कोणती, हे शोधायला संशोधनाची गरज नाही: टास्कबार, ब्राउझरच्या वरची पट्टी आणि स्प्रेडशीटच्या रेघा. म्हणजे ज्या कामाच्या नावावर मॉनिटर घरात आणला, नेमके तेच काम त्याला सोसत नाही.

म्हणून हा मॉनिटर तळहातावरच्या फोडाप्रमाणे जपावा. टास्कबार लपवावा. डेस्कटॉपवरची चिन्हे काढून टाकावीत. वॉलपेपर निव्वळ काळा ठेवावा. कोट्यवधी रंग दाखवणाऱ्या पडद्यावर काळा वॉलपेपर ठेवताना हात किंचित थरथरेल, परंतु सवय होते. सर्व प्रोग्रामांना डार्क मोड लावावा, तेज निम्म्यावर आणावे आणि दोन मिनिटे माउस हलला नाही की पडदा बंद होईल अशी व्यवस्था करावी, मग एखादा परिच्छेद शांतपणे वाचताना मध्येच अंधार झाला तरी चालेल. पडदा स्वतःही चित्र अधूनमधून एक-दोन पिक्सेल इकडेतिकडे सरकवत असतो. सुमारे चार तासांच्या वापरानंतर तो आपल्याकडे काही मिनिटांच्या विश्रांतीची मागणी करतो. त्या वेळी तो विद्युत दाब मोजून स्वतःची डागडुजी करतो आणि आपण खुर्चीत बसून त्याच्याकडे पाहू नये अशी त्याची अपेक्षा असते. काही उत्पादक या झिजेसाठीही 3 वर्षांची हमी देतात. तिच्या अटी खरेदीपूर्वी वाचाव्यात असे कोणी सुचवील, पण त्या पांढऱ्या पानावर असल्यामुळे जुन्या मॉनिटरवर वाचलेल्या बऱ्या.

खेळांचे तेवढे निर्विवाद आहे, असे आपल्याला वाटेल. येथे ग्राफिक्स कार्डाची आठवण ठेवावी. 2560 बाय 1440 च्या पडद्यावर सुमारे 37 लाख पिक्सेल असतात, येथे ते साडेएकोणपन्नास लाखांवर जातात, म्हणजे कार्डाला 34 टक्के अधिक राबावे लागते. तेव्हा मॉनिटरपाठोपाठ कार्डही आलेच, आणि ते कार्ड पेलणारा वीजपुरवठाही. शिवाय सगळ्याच खेळांना आपल्या रुंदीची कदर नसते. 2022 साली आलेला ‘एल्डन रिंग’ मुळात साध्या मॉनिटरच्या 16:9 या रुंदी-उंचीच्या प्रमाणाबाहेर पाऊल टाकत नाही, त्यामुळे दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतात आणि पडद्याचा चौथा हिस्सा रिकामा राहतो. हे पट्टे वाया गेले असे समजू नये. त्या भागातील पिक्सेल विझलेले असल्यामुळे ते झिजत नाहीत, आणि काही वर्षांनी मधला भाग थकला तरी दोन्ही कडा कोऱ्या राहतील. जे खेळ पूर्ण रुंदी वापरतात, त्यांच्या कोपऱ्यातील नकाशा आणि जीवनपट्टी मात्र टास्कबारच्याच जातीची असतात, हे सुज्ञांस सांगणे नको.

पिक्सेलचा प्रतिसादवेळ 0.03 मिलिसेकंद असल्याचे जाहिरातीत वाचून आपला ऊर भरून येईल. 240 हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला 240 चित्रे दाखवताना, एक चित्र किंवा फ्रेम 4.17 मिलिसेकंद टिकते, आणि दिसलेल्या गोष्टीवर मनुष्याचे बोट हलायला साधारण 200 मिलिसेकंद लागतात. म्हणजे साखळीतील सर्वांत मंद भाग बदलून मिळत नाही. चलचित्र मात्र कमालीचे स्वच्छ दिसते, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. आपल्याला कोणी मारले ते आता अगदी सुस्पष्ट दिसेल. पराभवाचे खापर फोडायला वक्राकार पडदा हाताशी आहेच. नाचता येईना म्हणून अंगण वाकडे म्हणणाऱ्याला लोक आजवर हसत आले, पण येथे अंगण 1800 मिलिमीटर त्रिज्येने खरोखरच वाकवलेले असते.

बैठकीत आपला संपूर्ण पडदा इतरांना दाखवू नये. समोरच्याच्या लॅपटॉपवर ती एक अरुंद पट्टी होते, आणि तिच्यातले आकडे वाचण्यासाठी तो डोळे बारीक करतो.

राहता राहिला जुना मॉनिटर. तो मुळीच विकू नये. पांढरी पाने, पत्रव्यवहार, स्प्रेडशीट आणि दिवसभर उघडे राहणारे सगळे काही त्याच्यावर हलवावे, आणि नवा पडदा काळा वॉलपेपर लावून शेजारी विश्रांती घेत ठेवावा. जुना 27 इंची असेल तर दोघांची उंची सारखीच येते, त्यामुळे एका टेबलावर ते शोभूनही दिसतात.