व्हेनेतो दीड दिवसात कसं उरकावं

उत्तर इटलीतल्या व्हेनेतो प्रांतात जाणार असाल तर आधी हा प्रांत आहे हे विसरा. व्हेनेतो म्हणजे व्हेनिस, बस्स. विचेंझात पाल्लादिओने आखलेलं नाट्यगृह 1585 पासून उभं आहे, पादुआत गॅलिलिओने 18 वर्षं शिकवलं, हे सगळं खरं. पण सोसायटीच्या ग्रुपवर 'आम्ही विचेंझात' असा फोटो टाकलात तर लोक विचारणार, हे कुठे आलं? ज्या गावाचं नाव ऐकून शेजाऱ्याच्या पोटात दुखत नाही, तिथे लाख रुपये घालून कशाला जायचं?

दिवस निवडताना मे-जूनमधला शनिवार गाठा. गर्दी नसेल तर आपण बरोबर जागी आलोय हे कळणार कसं? शिवाय 2024 पासून ठरावीक दिवशी व्हेनिसमध्ये नुसतं शिरायलाही पैसे पडतात. आधी नोंदणी केली तर 5 युरो. 2025 पासून ऐनवेळी जाग येणाऱ्याला 10. तुम्ही ऐनवेळीच भरा. वेळ सकाळी साडेआठ ते दुपारी चार. चारनंतर फुकट आणि मुक्कामाला राहणाऱ्यालाही माफ, पण या मोहात पडू नका. संध्याकाळी दिवसभराची माणसं परतली की गल्ल्या रिकाम्या होतात, पाण्याचा आवाज ऐकू येतो, कुणाच्या तरी स्वयंपाकघरातून लसणीचा वास येतो. असल्या शांततेत करायचं काय?

सामान भरपूर न्या. चाकांच्या दोन मोठ्या बॅगा आणि खाऊची एक वेगळी : भडंग, शंकरपाळ्या, मेतकूट आणि मावशीने 'तिकडे मिळत नाही गं' म्हणून दिलेलं लिंबाचं लोणचं. व्हेनिसमध्ये मोटार नाही, रिक्षा नाही, सायकलही चालवू देत नाहीत. आहेत ते 400 च्या वर पूल, आणि बहुतेकांना पायऱ्या. हॉटेलच्या पत्त्यात वस्तीचं नाव आणि चार आकडी नंबर एवढंच असतं, कारण घरांचे नंबर रस्त्याप्रमाणे नाहीत, अख्ख्या वस्तीला मिळून एकच माळ. फोनवरचा नकाशा तुम्हाला मोठ्या विश्वासाने एका बोळाच्या टोकाला नेतो. तिथे हॉटेल नसतं, पाणी असतं. आमच्या बॅगेचं चाक पाचव्या पुलावर निखळलं, तीन पायऱ्या टणटण उतरलं आणि कालव्यात गेलं. डुबुक. उरलेले चार पूल ती बॅग मी बाळंतिणीसारखी जपत नेली. आत लोणचं होतं.

त्या खाऊचा उपयोग सान मार्कोच्या चौकात करावा. पायऱ्यांवर फतकल मारून पुडा फोडायचा आणि उरलेले दाणे कबुतरांपुढे टाकायचे. तिथे पायऱ्यांवर बसून खाल्लं तर दंड होतो आणि कबुतरांना दाणे टाकायला 2008 पासून बंदी आहे, म्हणजे एका पुड्यात दोन पावत्या.

दंडावरून आठवलं. लोकल गाडीचं कागदी तिकीट काढलंत तर ते फलाटावरच्या मशीनमध्ये घालून शिक्का मारून घ्यायचा असतो. मी मारला नाही. तिकीट हातात, पैसे भरलेले, गुन्हा काय? तिकीट तपासनीस बाईंनी माझं सगळं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं आणि पावती फाडली.

आता शाकाहार. आपण शाकाहारी आहोत हे वेटरला मोठ्या आवाजात, मराठी-इंग्रजीत सांगायचं आणि मग नावं वाचून बिनधास्त मागवायचं. पिझ्झावर 'पेपेरोनी' दिसलं की घाबरून नकार द्या. इटलीत तो शब्द ढोबळ्या मिरचीचा आहे, त्यामुळे ताटातला एकमेव निर्धोक पदार्थ तुम्ही शिताफीने टाळलेला असेल. त्याऐवजी 'बीगोली इन साल्सा' घ्या. साल्सा म्हणजे टोमॅटोच असणार! जाड शेवया, भरपूर परतलेला कांदा आणि त्यात विरघळलेले खारे मासे, अशी ती व्हेनिसची परंपरा आहे. आजीला ते फार आवडतं. वेरोनात 'कावाल' किंवा 'कावाल्लो' वाचलंत तर तो घोडा. आणि वरून किसून घालतात त्या पार्मेझान चीजमध्ये वासराच्या जठरातलं विरजण असतं, हे मात्र घरी परतेपर्यंत कुणालाही सांगू नका.

बिलात 'कोपेर्तो' नावाची माणशी रक्कम दिसेल. ती टेबलावर बसल्याची. यावर वाद जरूर घाला, मागची रांग मोठी असेल तर जास्तच.

गोंडोला घ्यायलाच हवा. सरकारी दर दिवसा अर्ध्या तासाला 90 युरो. वल्हवणाऱ्याला गाणं म्हणायला सांगा. पर्यटक नेहमी मागतात ते गाणं पार दक्षिणेकडच्या नापोलीचं आहे, म्हणजे तारकर्लीच्या होडीवाल्याकडे भांगड्याची फर्माईश केल्यासारखं. तसलेच पण साधे गोंडोले मोठा कालवा ओलांडायला 2 युरोत नेतात, पण त्यात गावातल्या बायका भाजीच्या पिशव्या घेऊन उभ्या असतात. फोटोला शोभत नाही.

दुसऱ्या दिवशी वेरोना. पहिल्या शतकातलं रोमन खुलं रंगमंदिर बाहेरूनच बघा. उन्हाळ्यात रात्री आत ऑपेरा असतो, 1913 पासून, पण तो संपेपर्यंत तुमची बस थांबायची नाही. तो वेळ ज्युलिएटच्या घराला द्या, कारण ते तिचं नाही. ज्युलिएट कधी जन्मलीच नव्हती, पण तेवढ्याने घराचं अडत नाही. शेक्सपिअरच्या नाटकात बाल्कनी हा शब्दच नाही. पर्यटक विचारू लागले म्हणून गेल्या शतकात दुरुस्ती करताना ती बसवली. अंगणात तिचा ब्राँझचा पुतळा आहे. त्याच्या उजव्या छातीला हात लावला की प्रेमात यश येतं म्हणे. आमच्या पुढे पंचावन्नचे एक गृहस्थ होते, तीस वर्षं संसार झालेले. समोर काकू फोन धरून : "अहो, नीट लावा ना हात! आणि हसा की जरा." काका हसले. बँकेत सही जुळत नाही म्हणाल्यावर माणूस हसतो, तसं.

मूळ पुतळा इथे 1972 मध्ये बसवला. इतके हात लागले की त्याला तडा गेला, म्हणून 2014 मध्ये तो आत नेऊन ठेवला आणि बाहेर नक्कल उभी केली. 2024 मध्ये त्या नकलेलाही नेमक्या त्याच जागी भोक पडलं. न जन्मलेल्या मुलीच्या, मागाहून बसवलेल्या बाल्कनीखाली, पुतळ्याच्या नकलेला पडलेलं भोक. ते मात्र खरं.

पादुआतलं स्क्रोवेन्यी चॅपेल टाळा. भिंतभर चित्रकार ज्योत्तोची चित्रं, वर निळं छत, त्यावर सोन्याचे तारे, सातशे वर्षांचे. पण आधी नोंदणी करा, मग हवा शुद्ध करणाऱ्या काचेच्या खोलीत पंधरा मिनिटं गप्प बसा, आणि मग आत जेमतेम पंधरा मिनिटं. तेवढ्यात रील होत नाही, आणि चित्र बघत बसण्यात तर अजिबातच होत नाही.

परतीच्या वाटेवर व्हेनिसच्या रिआल्तो पुलाजवळ औषधांचं एक दुकान लागेल. काचेत आकड्यांचा फलक आहे. तिथे गर्दीत अडकलात तर वाचा. व्हेनिसच्या जुन्या शहरात किती रहिवासी उरलेत, तो तो आकडा. 2022 मध्ये पन्नास हजारांच्या खाली गेला. तुम्ही तो टोकन नंबर समजा. कमी होत चाललाय, म्हणजे आपला नंबर जवळ आला.