कापसावरची अळी पाच मिनिटांत माणूस मारत नाही

सप्टेंबर २०२२ मध्ये पसरलेला मेसेज असा: ‘कापसावर नवी अळी आली आहे. सापापेक्षा विषारी. चावली की ५ मिनिटांत मृत्यू.’ सोबत शेतात पडलेल्या मृतदेहांचे फोटो. गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यात, करजण-डभोईकडे ज्यांचा कापूस आहे, त्यांनी तो पुढे पाठवण्याआधी हे वाचावं.

फोटोतले मृत्यू जळगाव जिल्ह्यात वीज पडून झालेले होते.

‘नवी अळी’ हेही खोटं. ती घोणस अळी. एरंडा, आंबा, मका, बांधावरचं गवत असं बरंच काही खाते, आणि पावसाळ्यात व त्यानंतर दिसते. आपल्याकडे एरंडा भरपूर, त्यामुळे ती दिसणारच.

‘चावते’? नाही. अंगावरचे पोकळ काटे टोचतात, मोडतात आणि आतला दाहक द्रव कातडीत उतरतो. आग होते, गांधी उठतात. बहुतेकांचा त्रास काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत ओसरतो.

काटे लागले तर चोळू नका, काटे आणखी आत जातात. अळी काडीने उडवा, फटका मारून चिरडू नका. कातडी कोरडी असतानाच रुंद चिकटपट्टी दाबून लावा आणि ओढून काढा. दर वेळी नवा तुकडा, असं चार-पाच वेळा. मग साबण-पाणी, त्यावर कपड्यात गुंडाळलेला बर्फ १० मिनिटं. बोटाला लागलं असेल तर सूज चढण्याआधी अंगठी काढा. कपडे वेगळे धुवा. डोळ्यात काटा किंवा केस गेला तर न चोळता पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

श्वास लागला, ओठ-चेहरा सुजला, चक्कर आली तर १०८ ला फोन करा. अशी ॲलर्जी क्वचित होते, पण तिथे घरगुती उपायांत वेळ घालवायचा नाही.

अंगणातल्या शेवग्याच्या खोडावर दिवसा झुबक्याने बसणारे केसाळ सुरवंट वेगळे, पण लागल्यावरचे उपाय हेच. मेलेल्या सुरवंटाचे केसही खाजवतात, म्हणून झाडताना हातमोजे आणि पूर्ण बाह्या हव्यातच.

या मेसेजमुळे आम्हाला सर्वात जास्त काळजी वाटते ती वेगळीच. कापसात कुणी कोसळला आणि सगळे अळी शोधत बसले, तर सर्पदंश किंवा फवारणीची विषबाधा नजरेतून सुटते. अशा माणसाला ताबडतोब दवाखान्यात न्या. फवारणी चालू असेल तर औषधाचा डबा किंवा त्याच्या लेबलचा फोटो सोबत घ्या.