फॅक्टरची ‘सवय’ आणि तात्यांचा मेसेज

गेल्या रविवारी तात्यांनी, म्हणजे आमच्या आक्काच्या सासऱ्यांनी, घरच्या ग्रुपवर एक हातभर लांब मेसेज टाकला. ‘सावधान! रुग्णसेवेच्या नावाखाली लूट!’ तोच मेसेज तोवर मला तालमीच्या ग्रुपवर आणि शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर येऊन गेला होता. हाही न वाचताच सोडून दिला असता. पण सोमवारी आक्काचा फोन आला. “तात्या म्हणत्यात, ह्या येळंला सुई नको. काढा देऊन बघू.”

आक्काचा मुलगा अकरा वर्षांचा आहे. त्याला हिमोफिलिया ए आहे, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार, तोही तीव्र स्वरूपाचा. रक्त गोठवणारं ‘फॅक्टर’ नावाचं प्रथिन त्याला सुईनं द्यावं लागतं. तेव्हा बसून उत्तर लिहिणं भाग होतं.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. रुग्णांच्या ८३ टक्के संस्था औषध कंपन्यांच्या पैशावर चालतात, ‘हार्वर्डचा अहवाल’. शंभरातले ऐंशी रुपये पगारात जातात. परदेशातून कोट्यवधी येतात. हिशेब कुणाला दाखवत नाहीत. सरकार सगळं फुकट देतं. आणि या संस्था मुलांना फॅक्टरची सवय लावतात, म्हणजे कंपनीचा माल जन्मभर खपतो. म्हणून देणगी बंद, सुई बंद, काढा चालू.

शेवटचं आधी घेतो, कारण बाकीच्या मुद्द्यांनी फार तर संस्था बुडेल. ह्यानं पोरगं जाईल.

रक्त गोठवणारी जी प्रथिनं शरीरात असतात, त्यातलं आठव्या क्रमांकाचं या मुलाच्या शरीरात जवळजवळ तयारच होत नाही. ते बाहेरून द्यावं लागतं. दिलेला साधा फॅक्टर आठ ते बारा तासांत निम्म्यावर येतो, म्हणून पुन्हा द्यावा लागतो. ह्याला सवय म्हणायचं असेल तर तात्या स्वतः सात वर्षं रोज सकाळी पोटाला इन्सुलिन टोचून घेतात, त्याला काय म्हणायचं? त्यांना कुणी काढ्यावर ठेवलेलं नाही. ठेवून बघा म्हणावं.

फॅक्टर नसला की काय होतं, ते मेसेज लिहिणाऱ्यानं बघितलेलं नाही. बाहेरून जखम दिसत नाही. पोरगं रात्री म्हणतं गुडघा गरम लागतोय. सकाळी गुडघा नारळाएवढा. सांध्याच्या आत रक्त साचलेलं असतं. असं चार-सहा वेळा त्याच सांध्यात झालं की आतलं अस्तर सुजून राहतं, कूर्चा झिजते आणि पाय सरळ होईनासा होतो. आधीच्या पिढीतले हिमोफिलियाचे रुग्ण बघा, किती जण लंगडतात. आणि रक्तस्राव गुडघ्याऐवजी डोक्यात झाला तर काढा उकळेपर्यंतही वेळ नसतो. कुठल्याही पाल्याचा रस पिऊन शरीर फॅक्टर आठ बनवायला शिकत नाही.

एक गोष्ट खरी आहे, ती लपवत नाही. तीव्र हिमोफिलिया ए असलेल्या दहातल्या साधारण तिघांच्या शरीरात त्या फॅक्टरविरुद्धच प्रतिपिंडं तयार होतात आणि मग नेहमीचा डोस लागू पडत नाही. ‘सवय’ ही अफवा बहुधा तिथूनच निघाली असावी. फॅक्टर निकामी करणाऱ्या या प्रतिपिंडांना इन्हिबिटर म्हणतात, आणि ती वेळेत कळावीत म्हणून तपासणी करावी लागते. आक्का रुग्णांच्या ज्या संस्थेत जाते, तीच ‘लुटारू’ संस्था तिला ही तपासणी वेळच्या वेळी करायला लावते.

आता ते ८३ टक्के. आकडा खरा आहे, पत्ता चुकीचा. मार्च २०१७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये हा अभ्यास आला. त्यात अमेरिकेतल्या १०४ संस्था तपासल्या होत्या, त्याही वर्षाला किमान ७५ लाख डॉलर उत्पन्न असलेल्या. म्हणजे तेव्हाच्या दरानं आपल्या पैशात पन्नासेक कोटी. आक्काची संस्था भाड्याच्या दीड खोलीत चालते, पंखा लावला की रजिस्टरची पानं उडतात. अमेरिकेतल्या महासंस्थांचा आकडा तिच्या गळ्यात बांधायचा म्हणजे मुंबईच्या मॉलचं लाईटबिल आपल्या कोल्हापुरातल्या गंगावेशीतल्या टपरीवाल्याला दाखवण्यातली गत.

पण तात्या, तुमच्या बाजूचंही सांगतो, कारण मेसेज लिहिणाऱ्याला तेवढंही वाचायचं सुचलं नाही. त्याच अभ्यासात ३९ टक्के संस्थांच्या संचालक मंडळात औषध उद्योगाचा आजी किंवा माजी अधिकारी बसलेला निघाला. हे वाईटच आहे. आणि आपल्याकडं कंपनीचा पैसा येतच नाही असंही नाही. आक्काच्या संस्थेच्या मागच्या शिबिराचा मंडप आणि जेवण एका कंपनीनं दिलं होतं. बॅनरवर नाव होतं, वार्षिक अहवालात नुसतं ‘हितचिंतकांकडून’. हे मला पटलेलं नाही, मी तिथल्या ताईंना तोंडावर सांगितलं. नाव आणि रक्कम छापा. उद्या तीच संस्था सरकारकडं एखादं महागडं औषध मागायला गेली, तर लोक विचारणारच.

फक्त मेसेजवाल्याचा उपाय बघा. म्हणे देणगी बंद करा. मंगळवार पेठेतल्या माणसाचे पाचशे बंद झाले, शाहूपुरीतल्या दुकानदाराचे हजार बंद झाले, तर भाडं कोण भरणार? तीच कंपनी. आणि ती हसत भरेल. संस्थेला कंपनीच्या दारात नेऊन उभं करायचं काम हा मेसेज कंपनीपेक्षा झकास करतोय.

पगाराचं म्हणाल तर, पगार कशाचा ते तरी विचारा. यंत्र दिलं की फोटो निघतो, म्हणून यंत्राला देणगीदार मिळतो. फोन उचलणाऱ्या बाईच्या पगाराला कोण देतो? ऑगस्ट २०१९ ला पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं, गाड्या दिवसेंदिवस अडकल्या. तेव्हा पोराचा घोटा सुजला होता आणि घरात एकही बाटली शिल्लक नव्हती. फॅक्टर दोन ते आठ अंशांत ठेवावा लागतो. शहरात कुणाच्या फ्रीजमध्ये किती बाटल्या आहेत, ह्याची यादी त्याच ताईंच्या वहीत होती. त्यांनी पंधरा-वीस फोन केले आणि संध्याकाळपर्यंत थर्मासमध्ये बर्फ घालून बाटली दारात आली. ती आणणाऱ्या पोरालाही पगार होता. तोही लुटीत धरा.

परदेशी पैशाला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीच्या मुख्य शाखेतच उतरतो आणि त्यातला २० टक्क्यांवर भाग प्रशासनावर खर्च करता येत नाही. आक्काच्या संस्थेकडं ती नोंदणीच नाही, तेव्हा कोट्यवधींचा प्रश्न मिटला.

हिशेब? सार्वजनिक न्यास असेल तर वह्यांचं दरवर्षी लेखापरीक्षण होऊन अहवाल धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जातो. अर्ज करा, फी भरा, नक्कल काढा. प्राप्तिकराच्या सवलतीची पावती मागा, आणि दोन हजारांवर रोख देऊ नका, रोख दिल्यास ती सवलत मिळत नाही. तालमीच्या गणपतीला आपण पावतीवरचा आकडासुद्धा न बघता पैसे देतो, पण ते असो.

सरकार फुकट देतं, हे बरंचसं खरं आहे. सरकारी दवाखान्यात फॅक्टर मोफत मिळतो, साठा असला तर. पण हे सरकारला स्वप्नात सुचलं नाही. कायद्याचंच बघा. १९९५ च्या अपंगत्व कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, त्यात हिमोफिलिया नव्हता. २०१६ च्या कायद्यात एकवीस झाले, त्यात हिमोफिलिया आणि थॅलेसेमिया आले. त्यासाठी रुग्णांच्या संघटनांनी वर्षानुवर्षं चपला झिजवल्यात. साठा संपला की निवेदन घेऊन जातात तेही तेच.

हे सगळं मी बुधवारी रात्री ग्रुपवर टाकलं. तात्यांनी वाचलं, निळ्या खुणा दिसल्या, उत्तर नाही. गुरुवारी आक्का डोसला जाऊन आली. रिक्षात तात्या शेजारीच बसले होते म्हणे, नातवाची पाण्याची बाटली धरून. परत येताना तिला एवढंच विचारलं, तो मेसेज सगळ्यांच्या फोनमधून काढता येतो का. आता वेळ निघून गेली होती.