प्रॉक्सीचा पासवर्ड ‘दोन्हीकडे टाका’ सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

इथल्या आयटीवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘ऑफिसच्या प्रॉक्सीतून कस्टम हेडर जात नाहीत? हे पाच उपाय करा, हमखास चालेल.’ (प्रॉक्सी म्हणजे ऑफिसचं इंटरनेट ज्यातून जातं तो मधला सर्व्हर; हेडर म्हणजे विनंतीसोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळी, कस्टम म्हणजे आपण स्वतः घातलेल्या.) फिरेना का, म्हणून सोडून दिलं असतं. पण तो माझ्या भाचीपर्यंत पोचला. ती नाशिकमध्येच, अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ट्रेनी आहे. मालाच्या गाड्या कुठवर आल्या हे ट्रान्सपोर्टरच्या एपीआयवरून (प्रोग्रामला माहिती देणाऱ्या सेवेवरून) ओढणारी पायथनची स्क्रिप्ट तिच्या गळ्यात पडली आहे. एपीआयला त्याची की (ओळखीची किल्ली) कस्टम हेडरमध्ये लागते, आणि कारखान्याच्या प्रॉक्सीला युजरनेम-पासवर्ड. तिने मेसेजबरहुकूम सगळं केलं आणि कळवलं, ‘मामा, चाललं!’

चाललं, हीच तर पंचाईत आहे.

पहिलाच उपाय बघा: ‘प्रॉक्सी-ऑथरायझेशन हे हेडर बाकीच्या हेडरांसोबत टाका. प्रॉक्सीच्या यूआरएलमध्येही युजरनेम-पासवर्ड द्या. दोन्हीकडे असलं की खात्री.’ (हे हेडर म्हणजे प्रॉक्सीचा युजरनेम-पासवर्ड नेणारी ओळ.) हे लिहिणाऱ्याने प्रॉक्सीतून एचटीटीपीएस (वेबची कुलूपबंद वाहतूक) कसं जातं हे कधी पाहिलेलंच नाही. आधी तुमची स्क्रिप्ट प्रॉक्सीला ‘कनेक्ट’ची विनंती करते: अमुक सर्व्हरच्या ४४३ पोर्टला जोडून दे. पासवर्ड तपासला जातो तो या टप्प्यावर. तो नसेल किंवा चुकला असेल तर ४०७, म्हणजे प्रॉक्सीचा नकार, येतो. पटला तर २०० (होकार) येतो, आणि तिथून पुढे प्रॉक्सी सहसा फक्त कुलूपबंद बाइट्स इकडून तिकडे करते. तुमचे हेडर निघतात ते यानंतर, त्या जोडणीच्या बोगद्यातून, आणि उघडतात थेट समोरच्या साइटवर.

म्हणजे प्रॉक्सीसाठी टाकलेलं हेडर प्रॉक्सीला दिसतच नाही. गेटपास वॉचमनला न दाखवता मालाच्या खोक्यात घालून ग्राहकाकडे पाठवण्यातला हा प्रकार. नुसतं हेडर टाकलं असतं तर ४०७ आला असता आणि चूक लगेच कळली असती. ‘दोन्हीकडे’ केल्यामुळे दार उघडलं यूआरएलमधल्या पासवर्डने, श्रेय मिळालं हेडरला, आणि दर विनंतीबरोबर कारखान्याचा पासवर्ड ट्रान्सपोर्टरच्या सर्व्हरवर जात राहिला. बऱ्याच ठिकाणी याच पासवर्डने मेलही उघडतो. पटत नसेल तर आलेले हेडर छापणारा एक छोटा सर्व्हर बाहेर कुठेतरी एचटीटीपीएसवर उभा करा, हेडरमध्ये खोटा पासवर्ड घाला आणि तिकडे काय उतरतं ते बघा.

वर मेसेज म्हणतो, ‘घाबरू नका, बेस६४ने एन्क्रिप्ट होतो.’ काय बोलावं! बेस६४ हे कुलूप नाही, ती फक्त लिहिण्याची पद्धत आहे. कुणीही ती क्षणात उलटवतो, त्याला कुठलीही किल्ली लागत नाही. बेसिक ऑथेंटिकेशनच्या (युजरनेम-पासवर्ड पाठवण्याच्या या साध्या पद्धतीच्या) मानकात, आरएफसी ७६१७ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या मानकांचे क्रमांकित दस्तऐवज), नमुन्याला युजर अलादिन आणि पासवर्ड ‘ओपन सेसमी’ दिलाय (ती गुहा अलीबाबाची, पण असो). तिळा तिळा दार उघड म्हणण्याइतकीच ही सुरक्षा.

माझं नका ऐकू. एचटीटीपीचं मूळ मानक, २०२२ चं आरएफसी ९११०, स्वच्छ सांगतं: प्रॉक्सी-ऑथरायझेशन हे पासवर्ड मागणाऱ्या पुढच्या प्रॉक्सीपुरतं आहे, पलीकडच्या सर्व्हरचं हेडर वेगळं. खुद्द पायथनच्या, वेबवर विनंत्या पाठवणाऱ्या रिक्वेस्ट्स लायब्ररीतही ही गफलत होती. एचटीटीपीएसवर रीडायरेक्ट झालं (विनंती दुसऱ्या पत्त्याकडे वळवली गेली) की हे हेडर साइटकडे गळत असे. त्याला सुरक्षेतली त्रुटी मानून सीव्हीई क्रमांक (त्रुटींच्या जाहीर नोंदीतला) दिला गेला आणि मे २०२३ मध्ये २.३१.० आवृत्तीत दुरुस्ती झाली. जी गळती लायब्ररीवाल्यांनी बुजवली, ती हा मेसेज हाताने करायला सांगतोय.

‘सर्टिफिकेटची एरर आली तर व्हेरिफाय फॉल्स करा’, म्हणजे साइटची ओळख पटवणाऱ्या सर्टिफिकेटची तपासणी बंद करा, हा उपायही तसलाच. काही कंपन्यांची प्रॉक्सी एचटीटीपीएस मधेच उघडून तपासते आणि स्वतःचं सर्टिफिकेट पुढे करते. रिक्वेस्ट्सच्या विश्वासाच्या सर्टिफिकेटांच्या यादीत ते नसतं, म्हणून एरर. आयटीकडून कंपनीच्या रूट सर्टिफिकेटची फाइल मागून घ्या आणि व्हेरिफायला तिचा पत्ता द्या. तपासणीच बंद केली तर मध्ये कोण बसलंय हे स्क्रिप्टला कधीच कळणार नाही.

‘युजर-एजंट (विनंती कुठल्या प्रोग्रामची हे सांगणारं हेडर) ब्राउझरसारखा ठेवा’ हे मात्र, नाइलाजाने म्हणतो, अर्धं खरं आहे. काही साइट्स पायथनचं नाव दिसताच ४०३ (साइटचा नकार) देऊन हाकलतात, तिथे याने काम होतं. पण ४०७ हा प्रॉक्सीचा नकार आहे, त्यावर याचा उपयोग शून्य.

उरलेले दोन उपायही चुकीचे. पासवर्डमध्ये @ असेल तर तो बदलायची गरज नाही; यूआरएलमध्ये त्या जागी टक्क्याचं चिन्ह आणि पुढे ४० लिहा. आणि कस्टम हेडरच्या नावाआधी ‘एक्स’ आणि आडवी रेघ हवीच, हा नियम नाही. ती प्रथा सोडा असं आरएफसी ६६४८ ने २०१२ मध्येच सांगितलंय.

एवढंच करायचं: प्रॉक्सीचा पासवर्ड फक्त प्रॉक्सीच्या सेटिंगमध्ये, एपीआयची की फक्त हेडरमध्ये. कर्ल (कमांड लिहून विनंती पाठवायचं साधन) वापरत असाल तर पासवर्ड ‘प्रॉक्सी-युजर’ला द्या, आणि खास प्रॉक्सीसाठीच एखादं हेडर लागलं तर त्याला वेगळा ‘प्रॉक्सी-हेडर’ पर्याय आहे. ज्यांनी ‘दोन्हीकडे’ टाकून स्क्रिप्ट चालवली, त्यांनी आधी हेडरमधली ओळ काढा, मग लगेच पासवर्ड बदला. समोरच्या सर्व्हरने हेडर लॉगमध्ये साठवले असतील तर ते पुसणं तुमच्या हातात नाही. भाचीने पासवर्ड बदललाय. ज्याने तिला मेसेज पाठवला, त्याची स्क्रिप्ट अजून चालूच आहे.