जुनं ते मोडीत का काढायचं?

जुन्या रोलर कोस्टरमध्ये बदल करणं म्हणजे पैसे वाचवायची पळवाट, हे एका लेखात वाचलेलं मत मला पटलं नाही. अमेरिकेतल्या सीडर पॉइंट या मनोरंजन उद्यानाचा 'मीन स्ट्रीक' बघा. 1991 चा हा लाकडी कोस्टर प्रवाशांची हाडं खिळखिळी करायचा. त्याच्या लाकडी सांगाड्याचा बराचसा भाग तसाच ठेवून वर पोलादी रूळ बसवले, उंची 161 वरून 205 फुटांवर नेली, आणि 2018 मध्ये तो 'स्टील व्हेन्जन्स' म्हणून सुरू झाला. आज जगभरचे शौकीन त्यासाठी तिथे जातात. याला पळवाट कसं म्हणायचं?

मात्र बदल एका जागी केला की परिणाम पुढच्या प्रत्येक वळणावर होतो, हे लेखात यायला हवं होतं. वळणावरचा जोर वेगाच्या वर्गाच्या (वेग गुणिले वेग) प्रमाणात वाढतो. वेग 10 टक्क्यांनी वाढला तर जोर 21 टक्क्यांनी! म्हणजे खांब, जोड, चाकं, ब्रेक सगळ्यांचा हिशोब नव्याने करायचा. तिथल्याच 'टॉप थ्रिल 2' चं उदाहरण ताजं आहे. गाडीला सुरुवातीलाच जोरात पुढे ढकलणारी हायड्रॉलिक यंत्रणा काढून विद्युतचुंबकीय मोटारी बसवल्या, नव्या गाड्या आणल्या, आणि मे 2024 मध्ये सुरू होऊन काही दिवसांतच तो बंद ठेवावा लागला.

म्हणून उद्यानांनी उद्घाटनाची तारीख आधी जाहीर करूच नये, असं मला मनापासून वाटतं. चाचण्या पूर्ण होऊ द्या, मग तिकिटं विका.