पंप वाईट की ग्रह वाईट?

आमच्याकडे देवगडला घरातलं काहीही बंद पडलं की लोक आधी प्लग बघत नाहीत, वार बघतात. एप्रिलात मी विहिरीसाठी 1 हॉर्सपॉवरचा नवा पंप आणला तो नेमका अमावस्येला, आणि पंप बसायच्या आत ही बातमी आईने वाडीभर पोचवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बटण दाबलं. मोटर एकदम मस्त फिरतेय आणि नळातून नुसतं फुस्स. पंपाने हवा धरली होती. मग काय, वरचं बूच उघडा, कळशीतून तांब्या तांब्याने पाणी ओता, 14 तांबे लागले (मोजलेत मी), अर्धा लेंगा भिजला आणि मग एकदम भसाभस पाणी. दुपारी परत लावला तर पहिल्या झटक्यात चालू! म्हटलं सुटलो. तर सकाळी परत फुस्स.

आई म्हणाली, "राखणदाराक नारळ दिलंस काय?" (राखणदार म्हणजे जागेची राखण करणारा देव.) वायरमन म्हणाला कपॅसिटर, म्हणजे मोटरला सुरुवातीचा धक्का देणारा भाग. आता कपॅसिटर गेला की मोटर घुं घुं करत जागच्या जागी बसते, आमची तर गरगर फिरत होती. शेजारचे काका म्हणाले पाणी खोल गेलं. तेही नाही, वर बसवलेला पंप 7-8 मीटरपर्यंत पाणी खेचतो, आमचं पाणी होतं 18 फुटांवर. शेवटी पंप सोडवून स्कूटरवर टाकला आणि दुकानात नेला, तिथे टाकीवर लावल्याबरोबर तो असा चालला की मलाच लाज वाटली. दुकानदार म्हणे, "पंप ओके आहे साहेब, तुमचं पाणीच जड असेल."

मग मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलने मांडायला लागलो, चाललं की टिक, नाही चाललं की फुली. 12 दिवस झाले. 12 सकाळी 12 फुल्या, 12 दुपारी 12 टिका. नाणं उडवलं तर सलग 12 वेळा काटा पडायची शक्यता 4096 त एक असते, आणि माझं नशीब वाईट आहे हे मान्य, पण ते इतकं शिस्तीचं कधीच नव्हतं. रोज ठरल्या वेळी फक्त वस्तू बिघडते.

म्हणजे रात्रभर पंप बंद असताना पाइपातलं पाणी हळूहळू विहिरीत उतरत होतं, आणि ते अडवून धरायचं काम असतं फुटवॉल नावाच्या झडपेचं, पाइपाच्या पार खालच्या टोकाला. तो मात्र मी जुनाच ठेवला होता, 300 रुपये वाचवायला. (हे घरात अजून कोणाला माहीत नाही.)

तेराव्या दिवशी दोघांनी मिळून पाइप वर ओढला. फुटवॉलची जाळी गंजून एका बाजूने फाटलेली आणि आत रबराच्या वायसरखाली हरभऱ्याएवढा चिऱ्याचा खडा, वायसर पूर्ण बसतच नव्हता. खडा काढला, फुटवॉल नवा टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी बटण दाबलं आणि एकही तांबा न ओतता पाणी! मी खडा तळहातावर घेऊन विजयी वीरासारखा स्वयंपाकघरात गेलो.

आई खोबरं फोडत होती. काल पहाटेच ती राखणदाराकडे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालून आलेली. मी म्हटलं, अगं, एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते, नाहीतर कशाने झालं ते कळणार कसं, हा बघ खडा.

तिने खड्याकडे बघितलं, माझ्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला आणि म्हणाली, "मगे तो खडो तुका गावलो कसो?"